कमरेला बांधलेलं बियाणं

माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्या पोटावर मूठभर ओले तीळ बांधलेले होते.

त्या जानेवारीत धान निघाल्यावर रिकाम्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, मला उन्हाळी तीळ पेरायचे होते. बाबूजींची एकच अट होती. "पयले बी उगवून दाखव, मंग बांधीले हात लाव!"

मी तीळ ओल्या फडक्यात बांधून फडताळात ठेवले. पण आमच्या कामठा गावच्या थंडीत खोबरेल तेल बाटलीतून हलत नव्हतं, तीळ कशाला डोळे उघडतील! कृषी सहायक म्हणाले, "तिळाले ऊब लागते, भाऊ." मग पुरचुंडी चुलीला टेकवून ठेवली. सकाळपर्यंत तीळ भाजून निघाले आणि आईनं त्यांची चटणी वाटली. (चांगली झाली होती!)

फार थंड नाही, फार गरम नाही, असं ठिकाण घरात एकच उरलं होतं: माझं पोट. नवी पुरचुंडी स्वेटरखाली बांधली, पुन्हा पुन्हा ओली केली आणि नेमके तिसऱ्या दिवशी बाबूजी म्हणाले, "चाल, सडक अर्जुनीले पोरगी पाहाले जाऊन राहिलो."

"पण बाबूजी, माहे तीळ..."

"तीळ कोनी पळवून नाइ नेत! चाल!"

नुसती शेती करतो म्हणून आधी नकार ऐकले होते. ही सोयरीक जुळावी असं मला मनापासून वाटत होतं. तरी पुरचुंडी सोडवेना. गार पडली असती ना!

तिथं पोहे आले आणि समोर सुनंदा येऊन बसली. मी लाजून वाकलो, पुरचुंडी दबली आणि सगळं पाणी फिकट पँटवर उतरलं! तिच्या आत्याबाईंनी आधी पँट पाहिली, मग स्वेटरचा फुगवटा.

"काऊन जी, पोराले हर्निया आहे काय?"

"नाइ जी, तीळ आहेत," मी म्हणालो.

"पोटात?"

बाबूजींनी कपाळावर हात मारला. "दाखव बे आता!"

भर बैठकीत स्वेटर वर करून मी पुरचुंडी सोडली. आत पांढरे कोंब! "उगवले!" मी ओरडलो. सुनंदानं तोंडाला पदर लावला. "पसंत आहे काय वं?" तिच्या वडिलांनी विचारलं. तिनं मान हलवली आणि साखर वाटली गेली.

बाबूजींनी बांधी दिली. मी घाईघाईनं थंड मातीतच पेरलं आणि काहीही उगवलं नाही. (एवढ्या मोठ्या बांधीला पुरेल असं पोट कुठून आणणार!) फेब्रुवारीअखेर जमीन तापल्यावर पुन्हा पेरलं, तेव्हा बांधीभर हिरवे कोंब आले. मी बांधावर उभा राहून एकटाच हसत होतो.

लग्नानंतर एकदा ऐटीत विचारलं, "सुनंदा, त्या दिवशी माझ्यात असं काय पाहिलंस?"

"काय पाहीन? हासून हासून बोलताच येऊन नव्हतं राहिलं. मी तं 'नाइ' म्हणून मान हालवत होती. तेवढ्यात तुमच्या बाबूजींनं तोंडात साखर कोंबली!"

आणि मी गावभर सांगत फिरत होतो, की पोरगी माझ्या शेतीज्ञानावर भाळली!