जऊळक्याच्या बाईंची उलटतपासणी

सोयरिकीची चौकशी करायला कुणी आलं, की आमच्याकडे विचारायच्या आधीच पोराचे गुण सांगून मोकळे होतात. हीच सवय कोर्टात किती महागात पडू शकते, ते मी मालेगावला ज्युनिअर वकील असताना पाहिलं.

आमचा अशील पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. कुणाच्या तरी विहिरीवरची मोटार चोरल्याचा त्याच्यावर आरोप होता, आणि पूर्वी अशाच चोरीत तो शिक्षाही भोगून आलेला. त्या जुन्या शिक्षेचा विषय कायद्याने सरकारी वकिलांना कोर्टात काढता येत नव्हता. पण आरोपी चांगला माणूस आहे, असं आमच्याच बाजूने कुणी म्हटलं, की मात्र तो काढता येतो. मग पोरगा पुन्हा आत गेलाच म्हणून समजा.

चोरीच्या दुपारी तो जऊळक्याच्या एका बाईंच्या शेतात स्प्रिंकलरचे पाइप जोडत होता. एकटीने शेती करणाऱ्या या बाई आमच्या एकमेव साक्षीदार. माझ्या सीनिअर सरांनी त्यांना दोनदा बजावलं, "तो वावरात होता, एवढंच सांगा. स्वभावाचं काही बोलू नका."

बाईंनी तेवढं सांगितलं आणि वर जोडलंच, "पोरगा लय इमानदार हाय, साहेब. कोनाच्या काडीले हात लावत नाही."

सरांनी डोळे मिटले. सरकारी वकील हसतच उठले. याला मोटारचोरीत शिक्षा झाली होती, हे माहीत आहे का तुम्हाला?

"माहीत नसन काहून? माहीच मोटार नेली होती त्यानं. रिपोट मीच देला होता."

खरं तर वकिलांनी इथेच खाली बसायचं. पण त्यांना राहवलं नाही. मग इमानदार कशावरून?

"सजा भोगून आला अन् पयले माह्याच दारात उभा राह्यला. मी हाकलून देलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. म्हने, मोटार बिघडली तं मलेच सांगजा. तवापासून माह्या विहिरीवर दुसऱ्या कोनाले मी येऊ देत नाही."

सरकारी वकील खाली बसले. बाईंचा आवाज एकदाही चढला नव्हता. इतकी पक्की साक्ष मी पुन्हा ऐकलेली नाही.

पुढे निकालात बाईंची साक्ष खरी धरली गेली आणि तो सुटला. पण त्या दिवशी बाहेर चहा घेताना सरांचा जीव अजून थाऱ्यावर नव्हता. "बाई, मी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

बाईंनी बशीतला चहा संपवला. "तुमी त्याचं जुनं झाकून राह्यले होते, वकीलसाहेब. मी कायले झाकू? चोरी तं माह्याच घरची होती."