छावणीपुढची लेझीम

आमच्या शाळेत पाहुणा आला की त्याला आधी सुग्रीव सरांचं पथक दिसतं, मग शाळा. लाल फेटे, पांढरे सदरे, हातात लेझीम आणि दोन रांगांत आठवी-नववीच्या पोरी. मी त्याच शाळेत मराठी शिकवतो. माझ्या तासाला पोरी काय शिकल्या ते देव जाणे, पण लेझमीत त्या चुकलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत.

सुग्रीव सर नांदूरघाटच्या अलीकडच्या एका वाडीचे. घरी पिढ्यानपिढ्या मेंढरं. हा एकटाच शिकला, अंबाजोगाईला राहून खेळाचा शिक्षक झाला आणि आमच्या विनाअनुदानित शाळेत येऊन रुतला. शाळा अर्जुनराव चेअरमनांची. साखर कारखाना त्यांचा, दूध संघ त्यांचा, पतसंस्था त्यांची. म्हणायला सगळं सहकारी. सरांनी हौसेनं पथक उभं केलं, पथक जिल्ह्यात पहिलं आलं आणि तिथंच माणूस फसला. पथक वाईट असतं तर कुणी विचारलं नसतं. चेअरमनांना मात्र त्याची चटक लागली. हंगामाची पहिली मोळी टाकायची, बोलवा लेझीम. पेट्रोलपंपाचं उद्घाटन, बोलवा लेझीम. एकदा तर त्यांच्या मेव्हण्याच्या नव्या ट्रॅक्टरपुढंही पोरी नाचल्या.

नाचण्याचं काही नव्हतं हो. जीव जायचा तो उभं राहण्यात. पाहुणे अकराला येणार म्हणजे दोनला येणार. तोवर रांग मोडायची नाही, बसायचं नाही, फेटा काढायचा नाही, कारण गाडी कधीही वळेल. त्या साली दुष्काळ पडला होता; पोरी पहाटेच टँकरच्या जागी घागरी लावून मग शाळेत यायच्या. मार्चमध्ये अशाच एका पाहुण्याची वाट बघताना साखरा नावाची आठवीतली पोर रांगेतच कोसळली. दातखीळ बसली होती. सरांनी तिला उचलून लिंबाखाली नेलं, तर चेअरमनांचा माणूस मागून ओरडतो, "सर, रांगेत गॅप दिसतोय!"

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सर मला म्हणाले, "आता हे बंद करतो." मला हसू आलं, आणि रागही आला. बंद करतो म्हणे! आम्ही दोघंही एकाच दाव्याला बांधलेले. नाही म्हणावं तर नोकरी जाणार, आणि चाळिशी उलटल्यावर दुसरीकडे कोण घेतंय? हो म्हणावं तर पोरी पडणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि त्या साली दोन्ही कोरडे.

पुढच्या आठवड्यात चारा छावणीचं उद्घाटन होतं. ऊसच नव्हता, त्यामुळे कारखाना बंद होता आणि त्याच्या मागच्या माळावर जनावरांसाठी दावणी ठोकल्या होत्या. सरांनी मनाशी ठरवलं, की पथकच बिघडवायचं. बिघडलेलं पथक चेअरमन कशाला बोलावतील? जिथं आठव्या ठोक्याला वाकायचं, तिथं त्यांनी पोरींना सहाव्याला वाकायला शिकवलं. हलगी एकीकडे, पोरी भलतीकडे. "नवीन पद्धत आहे," एवढंच त्यांना सांगितलं. वर्गाच्या खिडकीतून मला ते बघवत नव्हतं. घरच्या तव्यावर मुद्दाम भाकरी करपवणाऱ्या बाईसारखे सर दिसायचे. शिकवताना पोरींच्या तोंडाकडेही बघत नव्हते.

उद्घाटनाच्या दिवशी छावणीच्या फाटकाबाहेर माणसं आपापली जनावरं धरून उभी होती. गायींची हाडं मोजून घ्यावीत अशी अवस्था. पाहुणे आले ते ऊन कलल्यावरच. हलगी कडाडली. वाकायचा इशारा देणारी शिट्टी कडूबाईकडे. मुली नकोशा झाल्या की आमच्याकडे असं नाव ठेवतात. पण ही नववीतली पोर रांगेपुढं उभी राहिली की थोरामोठ्यांची बडबड थांबायची. सहावा ठोका पडला. सरांनी डोळे मिटले. शिट्टी वाजलीच नाही. ती वाजली आठव्याला, आणि सगळ्या पोरी एका अंगानं वाकल्या. पुढं एकही पाऊल चुकलं नाही. इतकी देखणी लेझीम मी त्यांची आजवर पाहिली नव्हती, आणि शेजारी सर मात्र घामानं भिजले होते.

चेअरमन खूश. माईक हातात घेऊन म्हणाले, "तालुक्यातल्या सगळ्या छावण्यांच्या उद्घाटनाला आता आपलं हेच पथक!" टाळ्या पडल्या. फाटक उघडलं आणि नावं पुकारली जाऊ लागली. सगळ्यांत आधी कडूबाईचा बाप शहादेव दोन म्हशी घेऊन आत गेला. त्याच्यामागं साखराच्या घरच्या गायी.

सरांनी कडूबाईला बाजूला घेतलं. "सहाव्याला कावून न्हाई वाजवली शिट्टी?"

"सर, चुकलो असतो तर आमच्या म्हशी भाईरच ऱ्हायल्या असत्या. चेअरमनसायबानं बाबाला सांगितलंय, पोरी झ्याक नाचल्या तर पथकातल्या घरची जनावरं आदी घेऊ."

"मग मला कावून न्हाई सांगितलं?"

"तुमी तरी आमाला कुठं सांगितलं? सहाव्याला वाकत न्हाईत, एवढं आमाला बी कळतंय. तुमी मुद्दाम बिघडवायला लागलेत, हे पयल्याच दिवशी कळलं सगळ्यांला."

सर फाटकातून आत जाणाऱ्या जनावरांकडे बघू लागले. जन्म मेंढरांमागं गेलेल्या घरातला माणूस, आणि जनावराच्या पोटाचा विचार त्यालाच सुचू नये! त्यांचा चेहरा बघून मला वाईट वाटलं, आणि चेअरमनांना शिव्या द्याव्याशा वाटल्या. दिल्याही, पण मनातल्या मनात. तिथं मोठ्यानं बोलायची माझीसुद्धा टाप नव्हती.

"अजून लई छावण्या व्हायच्यात, सर," कडूबाई म्हणाली. "नाचायचं आमाला येतंय. उभं कसं ऱ्हायचं, तेवढं शिकवा."

सोमवारी खेळाच्या तासाला सरांनी लेझमींच्या पेटीचं कुलूप काढलंच नाही. पोरींना भर उन्हात रांगेत उभं केलं आणि स्वतः त्यांच्यापुढं उभे राहिले. गुडघे ताठ धरायचे नाहीत. बुटात बोटं हलवत राहायची. कुणाला न दिसता भार या पायावरून त्या पायावर न्यायचा. डोळ्यांपुढं अंधारी आली तर शेजारणीच्या खांद्याला खांदा लावायचा, म्हणजे लांबून रांग सरळ दिसते. पोरी मन लावून शिकत होत्या, आणि सर एकेकीजवळ जाऊन तिचे गुडघे तपासत होते.