तोफबाईंच्या वर्गाची सरासरी

तोफबाई आठवीला गणित शिकवायला उभ्या राहिल्या, की खालच्या मजल्यावरच्या सहावीचाही अभ्यास फुकटात होतो, असं शाळेत सगळे म्हणत. नाव मुलांनीच ठेवलेलं. बाईंना ते माहीत होतं आणि आवडतही होतं. "तोफ म्हणतात ना? फुसका बार तर नाही ना म्हणत?" असं त्या घरी ठणकावून सांगायच्या. मग सायकली दुरुस्त करून दमून आलेला त्यांचा नवरा हात जोडायचा. "अगं, जरा हळू. शेजारचे गणितात पास होतील."

शाळा सरकारी, सहावी ते आठवी. पूर्वी तिथे छापखान्यातल्या कामगारांची आणि पोस्टातल्या कारकुनांची मुलं असायची. छापखाना बंद पडला, नदीकाठी उंच इमारती उठायला लागल्या आणि शाळेचा चेहराच पालटला. आता बाईंच्या वर्गात पुढे टॅक्सीवाल्यांची, भाजीवालीची, दवाखान्यात झाडलोट करणाऱ्यांची मुलं बसत. मागचे बाक इमारतींवर काम करणाऱ्यांच्या मुलांचे. ही मुलं वर्षाच्या मध्येच यायची आणि इमारत पुरी झाली की मध्येच जायची. घरी बोलायच्या भाषा एका वर्गात पाच. "भांडताना मात्र सगळ्यांना माझी भाषा फर्मास येते," बाई म्हणायच्या.

मागच्या बाकावर एक मुलगी होती, तिला सगळे 'पाहुणी' म्हणत. ही तिची पाचवी शाळा. गप्प असायची, पण फळ्यावरची नजर हलायची नाही.

आता खरी गोम ऐका. दरवर्षी सगळ्या सरकारी शाळांची एक मोठी परीक्षा व्हायची आणि सरासरी चांगली आली की फाटकावर 'उत्तम शाळा' असा फलक लागायचा. जो परीक्षेला गैरहजर, तो सरासरीत धरायचाच नाही, असा नियम. झालं! शिक्षकांना आयतंच सापडलं. परीक्षा जवळ आली की कच्च्या मुलांना गोडीत सांगायचं, "बाळा, दमलास, उद्या घरीच राहा हं." बाळ खूश, सरासरी खूश, फलक जागच्या जागी. आणि कच्ची मुलं म्हणजे बहुतेक मागच्या बाकांवरचीच, हे काय वेगळं सांगायला हवं?

परीक्षेच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी, म्हणजे मोठ्या सरांनी, बाईंना बोलावलं. सर यंदा निवृत्त होणार होते आणि त्यांची खुर्ची बाईंना मिळणार, हे जवळजवळ ठरलेलं होतं.

"बाई, मागचे दोन बाक उद्या नकोत. बाकीच्या वर्गांचं झालंय, तुमचाच राहिलाय."

"माझा राहणारच आहे, सर. माझ्या वर्गातले सगळे बसतील."

"अहो, हट्ट काय करताय? फलक गेला की टॅक्सीवाले आपली मुलं समोरच्या खाजगी शाळेत घालतील. तुकड्या बंद पडतील. आणि वरच्या साहेबांनी स्पष्ट सांगितलंय, निकाल टिकला तरच खुर्ची तुमची."

सर खोटं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत. बाईंनाही खुर्ची हवी होती. का नको? वीस वर्षं घसा फोडला होता. पण त्या म्हणाल्या, "सर, मी त्यांना वर्षभर शिकवलंय. काय आलं, काय नाही, ते मला कळायला नको?" आणि वर्गात जाऊन त्यांनी दणक्यात जाहीर केलं, "उद्या जो येणार नाही, त्याच्या घरी मी येईन!"

सकाळी सगळे आले, पाहुणी सोडून. बाईंनी तिच्या मैत्रिणीला खडसावून विचारलं, तेव्हा कळलं की सरांनी काल फाटकावर तिला गाठून 'येऊ नकोस' म्हणून सांगितलं होतं. बाईंचं डोकंच फिरलं. वेळ हातात होता. पदर खोचला आणि निघाल्या नदीकाठी. इमारतीच्या तळाशी, पत्र्याच्या खोलीत, पाहुणी धाकट्या बहिणीला मांडीवर घेऊन बसली होती. आई सिमेंटची पाटी घेऊन वर गेलेली.

"चल ऊठ."

"बाई, हिला कोण बघणार?"

"तिलाही घे!"

परीक्षेच्या वर्गात तान्हं मूल चालेना. शिपाईमावशींनी इकडेतिकडे पाहिलं आणि पंखा फक्त मोठ्या सरांच्या खोलीत आहे म्हणून बाळ सरळ तिथे नेऊन ठेवलं. सर आधी लालबुंद झाले. पण बाळाला त्यांचा चष्मा भारी आवडला, त्याला कोण काय करणार? पेपर संपेपर्यंत निवृत्तीला आलेला तो माणूस चष्म्याशिवाय, डोळे बारीक करून बसून होता.

निकाल लागला आणि सरांनी सांगितलं तसंच झालं. सरासरी घसरली. फलक उतरला. मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर दुसऱ्या शाळेतले एक गृहस्थ यायचे ठरले. बाईंना वाईट वाटलं का? वाटलं की! रात्री जेवण गेलं नाही. नवरा जवळ बसून म्हणाला, "पुन्हा वेळ आली तर काय करशील?"

"पुन्हा तेच. यात विचारायचं काय?"

दुसऱ्या दिवशी तपासलेले पेपर वाटायचे होते. पाहुणीला शंभरात एकवीस होते. बाईंनी समजूत घालायला चार वाक्यं मनाशी जुळवून ठेवली होती. पोरीने पेपर हातात घेतला आणि त्या आकड्यावर बोट ठेवलं.

"बाई, हे माझे?"

"तुझेच. हे बघ, नाराज नको..."

"मला गुण कधी मिळालेच नव्हते." तिचा चेहरा नुसता फुलला होता. "चारही शाळांत परीक्षेच्या दिवशी मी घरीच. मला वाटायचं, माझ्यासाठी परीक्षा नसतेच."

बाईंचे डोळे भरून आले, आणि तोफबाई भर वर्गात रडल्या, कुणाची भीड न धरता.

पोरीने पेपर पुढे सरकवला. "बाई, हे एकवीस कशाचे मिळाले ते दाखवा ना. मग उरलेल्यांचं बघू."

बाईंनी डोळे पुसले, तिच्या शेजारी बाकावर बसल्या आणि पहिल्या गणितापासून सुरुवात केली.