सुभद्रेने आणलेले कलम

अमरावतीस राजापेठेच्या पलीकडे, एका जिनिंग फॅक्टरीच्या भिंतीला लागून, नत्थुजींचे दोन खोल्यांचे घर होते आणि त्यामागे घरापेक्षा मोठे परस होते. नत्थुजी त्या फॅक्टरीत मुकादम होते. कापसाचा हंगाम संपला की फॅक्टरी थंड पडे. परसातील काम मात्र बाराही महिने चाले. आमच्या व त्यांच्या घरांमध्ये केवळ मेंदीचे कुंपण होते. त्यामुळे येथे जे लिहीत आहे त्यातील बरेचसे मी स्वतः पाहिलेले आहे. उरलेले त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई यांच्याकडून ऐकलेले आहे.

मृग लागला की मांडवावर दोडके आणि काकडी चढत, कुडाला वाल लागे आणि उकिरड्याच्या कडेने कोहळ्याचा वेल धावे. पोळ्याच्या सुमारास ढेमसे येत. दिवाळीनंतर वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि आमच्याकडे ज्याला भेदरे म्हणतात ते टमाटे. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की अंघोळीचे पाणी नालीने केळीच्या आळ्यात सोडले जाई. नत्थुजींनी त्यातले काही कधी विकले नाही. कोणत्याही वेलाचे पहिले फळ तोडण्याचा मान त्यांच्या एकुलत्या एका मुलीचा, सुभद्रेचा असे. तिने हात लावल्याखेरीज घरात ती भाजी शिजत नसे.

सुभद्रेचे लग्न त्रेपन्न साली शेंदूरजनाघाटच्या जानरावांशी झाले. त्यांचा संत्र्याचा बगीचा होता. पंचावन्नच्या श्रावणात ती माहेरी आली, ती ओल्या गोणपाटात बांधलेले संत्र्याचे कलम घेऊनच.

"बाबा, तुमच्या वाडीत सारं हाय, पन तोंड गोड करीन असं काई नाई," ती म्हणाली.

"काहून? माह्या भेदऱ्यानं तुहं तोंड कडू झालं काय?"

"भेदरं ते भेदरं. आता हे आमचं पाहा."

कलम कसे सांभाळायचे ते तिनेच वडिलांना शिकवले. खाली जंबेरी लिंबाचा खुंट असतो, कारण जंबेरीचे मूळ चिवट; तिचे फळ मात्र आंबट, तोंडात धरवत नाही असे. त्या खुंटावर संत्र्याच्या फांदीवरचा डोळा, म्हणजे कोंब, बसवलेला असतो. दोहोंचा सांधा जमिनीपासून वीतभर वर दिसतो. सांध्याच्या वरचे सगळे संत्र्याचे. खालून फूट आली तर ती कोवळी असतानाच नखाने खुडून टाकायची.

"खालच्यावर दया करू नका, बाबा. ते वरच्याले खाते."

नत्थुजी रोज सकाळी वाकून सांधा पाहत आणि खालची फूट खुडत. झाड कमरेएवढे झाले.

सत्तावन्नच्या वैशाखात सुभद्रा बाळंतपणात गेली. मुलगी वाचली, तिचे नाव पंचफुला ठेवले. नत्थुजी आणि मनकर्णाबाई शेंदूरजन्याला गेले ते तान्हीसाठी महिनाभराहून अधिक काळ तेथेच राहिले. त्या उन्हाळ्यात आमच्या मोहल्ल्यातील सर्वच विहिरी आटल्या होत्या, पिण्याचे पाणी लांबून आणावे लागे, आणि दुसऱ्याच्या परसाला पाणी घालण्याची कोणाची ऐपत नव्हती. दोघे परतले तेव्हा केळ मेली होती, मांडव उघडा पडला होता आणि संत्र्याच्या जागी एक वाळकी काडी उभी होती.

नत्थुजी त्या काडीला पाणी घालू लागले. पावसाची पहिली झड उलटल्यावर तिला पालवी आली, पण ती सांध्याच्या खालून. सवयीने त्यांचे नख पुढे गेले. मी कुंपणापाशी उभा होतो. नत्थुजींनी ती फूट दोन बोटांत धरली, बराच वेळ धरून ठेवली, आणि मग हात काढून घेतला.

त्याच सुमारास त्यांनी संत्रे सोडले. आपल्याकडे माणूस गेले की मागचे लोक एखादा आवडता पदार्थ सोडतात. नत्थुजींनी मात्र मुदत घातली: सुभद्रेच्या झाडाला येईल तेच संत्रे खाईन, आणि त्यातले पहिले पंचफुलेच्या हातावर ठेवीन.

पुढल्या वर्षी जानरावांनी दुसरे लग्न केले. दुसरी बायको पहिलीच्या माहेराला आपले माहेर मानते, त्या रीतीप्रमाणे ते हिवाळ्यात नव्या बायकोला, कौशल्येला, आणि पंचफुलेला घेऊन आले. मनकर्णाबाईंनी तिची ओटी भरली, लुगडे दिले आणि दाराआड जाऊन डोळे पुसले. नत्थुजींनी नातीला मांडीवर घेतले, खेळवले. कौशल्येशी ते एक शब्दही बोलले नाहीत. नंतर ते परसात गेले. मागोमाग जानराव गेले आणि झाडापाशी थांबले.

"मामाजी, वरचं गेलं. हे खालचं वाढून राहिलं. पान पाहा, काटे पाहा."

"झाड जितं हाय, जवाईबापू."

"जितं हाय, पन संत्र्याचं नाई. तुमी म्हनान तर मी डोळा आनतो, पुन्हा बसवून देतो. खुंट चांगला हाय."

"कोन्या झाडाचा डोळा?"

"आपल्याच बगीच्यातला."

"म्हंजे दुसऱ्या झाडाचा," नत्थुजी म्हणाले. "एकदा तुमी दुसरं आनलं. मी नाई काई बोललो. आता इथं नका आनू."

रात्री मनकर्णाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "जवाई खरं बोलले. किती काटे आले झाडाले."

"सुभद्रीच्या जिभेले का कमी काटे होते?" नत्थुजी म्हणाले आणि कूस वळवून निजले.

त्यानंतर परस पुन्हा भरले. मांडव उभा राहिला, दोडके आले, वांगी आली. परंतु पहिले फळ तोडायला कोणी नसल्यामुळे ते वेलावरच जून होई आणि बियाण्याला जाई. झाड मात्र जोमाने वाढले. हिवाळ्यात संत्र्याच्या हातगाड्या आमच्या गल्लीतून ओरडत जात, तेव्हा नत्थुजी आत जाऊन बसत.

बासष्टच्या दिवाळीनंतर झाडावर फळे पिवळी झाली. नत्थुजींनी स्वतः निरोप धाडून नातीला बोलावून घेतले. कौशल्या तिला घेऊन आली. पंचफुला तेव्हा पाच वर्षांची होती. नत्थुजींनी सर्वांत मोठे फळ निवडले, तिच्या हाताला धरून तोडवले आणि ओट्यावर बसून सोलू लागले. संत्र्याची साल सैल असते, अंगठा घातला की सुटते. ही सुटेना. ती तुकड्या-तुकड्यांनी निघत होती. शेवटी त्यांनी एक फोड नातीच्या हातावर ठेवली.

मुलीने ती तोंडात घातली, डोळे घट्ट मिटले आणि थुंकून टाकली. "आई, आंबट हाय," असे म्हणत ती धावत गेली आणि कौशल्येच्या पदरात शिरली.

नत्थुजींनी उरलेले फळ फोड-फोड करून खाण्यास आरंभ केला.

"राहू द्या, बाबा, दात आंबतीन," कौशल्या म्हणाली.

ते खात राहिले. तोंड वाकडे केले नाही, थांबले नाहीत. शेवटची फोड संपल्यावर त्यांनी तोंडातल्या बिया तळहातावर घेतल्या, आणि त्या कोठे टाकाव्यात हे त्यांना सुचेना. कौशल्येने हात पुढे केला.

"द्या मले. आमच्या इकडे याचंच रोप करतात. वर डोळा बसवाले."

नत्थुजींनी तिच्याकडे पाहिले. माझ्या समजुतीप्रमाणे, ती त्या घरात आल्यापासून त्यांनी तिच्याकडे नीट पाहण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यांनी बिया तिच्या हातावर ठेवल्या आणि तिने त्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधल्या.

नेम त्यांनी मोडला नाही. ते फळ संत्रे नव्हते, म्हणून मुदतही संपली नव्हती. सहासष्टच्या हिवाळ्यात ते अंथरुणाला खिळले तेव्हा कौशल्या शेंदूरजन्याहून संत्र्यांची टोपली घेऊन सेवेला येऊन राहिली. एके दुपारी मी समाचाराला गेलो असता ती त्यांच्यासमोर संत्रे सोलत होती. त्यांनी मान हलवली.

"तिच्या झाडाचं म्हटलं होतं, पोरी."

"तुमी देल्ल्या बियाचे रोपं झाले, बाबा. त्यायच्यावर डोळे बसवले ह्या साली. खाली सुभद्राबाईचंच हाय. दोन-तीन सालं थांबा, मंग तुमच्या नेमात बसते."

"थांबतो," नत्थुजी म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले. "खालून फूट येईन. रोज पाहात जाय. नखानं काढ."

"हाव, बाबा."

"दया नको करू."

सोललेले संत्रे वाटीत तसेच राहिले. होळीच्या आधी ते गेले.

मनकर्णाबाई पुढे अनेक वर्षे त्या झाडाला पाणी घालत होत्या. मोहल्ल्यातील बायका लोणच्यासाठी फळे मागायला येत, आणि मनकर्णाबाई हवी तेवढी तोडू देत. परंतु हे कशाचे झाड, असे कोणी विचारले तर त्या संत्र्याचे म्हणूनच सांगत.