बाकीच्या बत्तीस पाट्या

यल्लाप्पाअण्णा गेल्याचा फोन त्यांच्या पत्नी शांताक्कांनी सकाळी सव्वासातला केला. झोपेतच गेले, सत्तरीला टेकले होते. फोन ठेवण्याआधी त्या म्हणाल्या, "परवाच म्हणत होते, पेपरवाल्यानं आमची दुरुस्ती अजून छापली नाही की." आवाजात तक्रार नव्हती, थोडं हसूच होतं… ती दुरुस्ती पस्तीस वर्षं राहिली आहे.

अण्णा अळणावरजवळच्या खेड्यातले. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात पाट्या रंगवायला शिकले आणि त्याच कामासाठी कुवेतला गेले. १९९०च्या ऑगस्टमध्ये इराकी सैन्याने कुवेत ताब्यात घेतलं तेव्हा ते तिथेच होते. सैनिकांना माणसं सापडू नयेत म्हणून लोकांनी रस्त्यांची नावं, घरांचे नंबर काढून टाकले. अण्णांनीही आपल्या मालकाच्या गल्लीतले नंबर खरवडले. पुढे सैनिकांनी त्यांना ब्रशसकट उचललं आणि एक यादी हातात देऊन तेच नंबर पुन्हा रंगवायला लावले. बदल्यात रोज रोट्या मिळत. अण्णांच्या खोलीत राहणारे चौघे त्यावर जगले. मालकाचा मुलगा सैनिकांना हवा होता आणि तो घरातच लपला होता. अण्णांनी त्या घराचा नंबर गल्लीच्या टोकाच्या घरावर टाकला. झडती तिथे झाली, घर रिकामं निघालं, मुलगा वाचला.

दसऱ्यानंतर ते बसने अम्मानला आणि तिथून विमानाने मुंबईमार्गे घरी आले. मी तेव्हा हुबळीत वार्ताहर होतो. त्या एका पाटीची बातमी मी केली, मथळ्यात त्यांना शूर म्हटलं. दाजीबानपेठेत त्यांना हार घातले गेले. दुसऱ्या दिवशी ते कार्यालयात आले.

"ओ पेपरवाले, एक पाटी लिवलासा. बाकीच्या बत्तीस?"

"त्या जबरदस्तीच्या होत्या, अण्णा."

"रोटी खाल्लो की. बत्तीस बरोबर रंगवलो. त्यातल्या दोन घरातनं एकेक माणूस नेला. हे कोण लिवायचं?"

"आणि ते टोकाचं घर? ते तर रिकामं होतं."

"दारावर धूळ होती. आत बघितलो नव्हतो…"

जागा नाही, असं मी सांगितलं. जागा होती. चांगली बातमी बिघडवायची नव्हती.

ते कधी रागावले नाहीत. रायापूरला घर बांधलं, मुलगी शिकवली, दुर्गदबैलमध्ये मिळेल त्याला चहा पाजला. मालकाचा मुलगा दर ईदला फोन करी. त्या दिवशी स्वारी खूश असे. नेलेल्या दोघांपैकी एक परतल्याचं त्यानेच कळवलं होतं. दुसऱ्याचा पत्ता लागला नाही. मी भेटलो की अण्णा चारचौघांत विचारत, "काय साहेब, जागा झाली का?" आणि स्वतःच हसत. पण विचारायचं त्यांनी एकदाही सोडलं नाही.

तर दुरुस्ती अशी: यल्लाप्पाअण्णांनी सैनिकांसाठी बत्तीस पाट्या बरोबर रंगवल्या आणि एक चुकीची. चुकीची रंगवताना ते घर रिकामं आहे याची त्यांना खात्री नव्हती.

तेराव्याहून परतताना दुर्गदबैलमधून चालत आलो. फ्लेक्सच्या गर्दीत त्यांच्या हाताच्या काही पाट्या अजून आहेत. अक्षरांखाली पेन्सिलीची रेघ दिसते. इतर पेंटर ती पुसतात. एका भांडीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मी पुसा म्हटलो होतो. अण्णा म्हणाले, असू दे, अक्षर कुठं घसरलंय ते दिसू दे गिऱ्हाइकाला."