गच्चीवरच्या घराचा उंबरा

मोहरीच्या तेलाचा उग्र वास आला की मला हजीरा वस्तीतली ती गच्ची आठवते. उत्तरेतलं आमचं मराठी संस्थान विलीन झालं, वडिलांची दरबारी नोकरी आणि खासगी बाजारातलं सरकारी घर एकदमच गेलं, आणि आम्ही एका बंद पडलेल्या तेलाच्या कारखान्याच्या गच्चीवर नव्यानं काढलेल्या दोन खोल्यांत राहायला आलो. वरून ऊन भाजायचं, खालून तेलाचा वास यायचा. किल्ला मात्र खिडकीत येऊन बसल्यासारखा दिसायचा. वडील खोल्यांतून जोडे घालूनच वावरत. आईनं एकदा टोकलं, तर म्हणाले, "गोदामात कसले जोडे काढायचे?" दुसऱ्या दिवशी आईनं खोल्या बांधणाऱ्या मिस्त्रीला गाठलं. "भैया, दरवाज़े में देहरी तो लगी ही नहीं!" तो हसला, "बाईसाहब, छत के कमरों में देहरी कौन लगवाता है?" "हम लगवाते हैं," आई म्हणाली. मालकाला विचारून तिनं खालच्या मोडक्या घाण्याचं एक जाड लाकूड वर आणवलं आणि उंबरा म्हणून दारात बसवून घेतलं. तेल पिऊन काळ्या झालेल्या त्या लाकडावर तिनं ओढलेली हळदीची बोटं काय उजळली होती! संध्याकाळी वडील जिना चढून आले, दारात थबकले, आणि खाली वाकून जोड्यांचे बंद सोडू लागले. आईनं चुलीपुढून मानसुद्धा वळवली नाही. "पाणी ठेवलंय, पाय धुऊन घ्या," एवढंच म्हणाली. पुढं मी घरं पुष्कळ बदलली, बांधलीही. पण घर होताना पाहिलं ते तेवढं एकच.