समेच्या आधीची दाद

भोयर काकूंनी शनिवारच्या गाण्याच्या ऑनलाइन बैठकीत एकदाही माइक बंद केला नाही. बाकी सगळे शहाण्या मुलांसारखे तोंड मिटून चौकटीत बसलेले असत. काकूंच्या चौकटीतून मात्र अख्खा दुर्गापुरा मोहल्ला ऐकू येई. कुकरची शिट्टी, भाजीवाल्या भैयाची आरोळी, आणि गच्चीवरचे मोर. पहिल्यांदा मोर ओरडला तेव्हा पुण्याहून दाते सरांनी विचारलं, "कुणाकडे मांजर आहे का?"

"मांजर नाही न सर, मोर आहे," काकू म्हणाल्या. "जयपूरला राहते मी. त्याला कुठून म्यूट करू, सांगा बरं!"

काकू मूळच्या नागपूरच्या. यजमान सैन्यात होते. बदल्या संपता संपता जयपूर आलं आणि निवृत्तीनंतर दोघं इथेच राहिली. काकूंनी इथल्या शाळेत मुलांना हिंदीतून गणित शिकवलं, पण रागवायच्या मराठीतच. काका गेले. मुलगा हैदराबादला. तो सारखा "आई, आता इकडे ये" म्हणायचा आणि काकू सारख्या "पाहू" म्हणायच्या. पाहू म्हणजे नाही, हे त्यालाही कळत होतं.

मी विमा कंपनीत. बदली होऊन जयपूरला आले आणि काकूंच्या खालच्या मजल्यावर भाड्याने राहायला लागले. उन्हाळ्यात कूलर चालू ठेवला तर त्याच्या घरघरीत सूर सापडत नाही आणि बंद केला तर जीव जातो. तरीही एका संध्याकाळी मी तो बंद केला आणि घामाने निथळत रियाजाला बसले. मधेच दाराची घंटा वाजली. आवाजाची तक्रार असणार, दुसरं काय! मी भांडायच्या तयारीनेच दार उघडलं. समोर पांढऱ्या केसांच्या, ठेंगण्या बाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"काऊन थांबली तू?" त्यांनी विचारलं. "एवढी चांगली तान घेतली, समेवर यायच्या वेळेस पळून गेली! मी वर हात उचलून बसलेली आहे न बाप्पा. तो हात आता कुठे ठेवू?"

ही आमची ओळख. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. गाणारा कुठे कुठे भटकून तिथे परत येतो आणि ऐकणाऱ्याच्या तोंडून आपसूक "वा" निघते. काकू स्वतः कधी गायल्या नाहीत. ऐकायच्या. पण असं ऐकायच्या की समोरच्याला चुकायची लाज वाटावी. त्यांनीच मला शनिवारच्या बैठकीत ओढलं.

बैठक दाते सर चालवत. निवृत्त इंजिनिअर, शिस्तीचे भोक्ते. पुणे, इंदूर, नागपूर, कुठे परदेशात राहणारे, असे गाण्याचे वेडे पडद्यावर जमायचे. एकाने गायचं, बाकीच्यांनी माइक बंद ठेवायचा, आवडलं तर अंगठ्याचं चित्र पाठवायचं. त्या अंगठ्याचा काकूंना भयंकर राग. "अंगठा दाखवून दाद? आमच्याकडे अंगठा दाखवला तर भांडण होते! गाणाऱ्याला काही ऐकूच येत नाही. बिचारा विहिरीत तोंड घालून गाऊन राहिला."

मग काकू माइक उघडा ठेवून खणखणीत "वा बाप्पा!" म्हणायच्या. गोची अशी की नेटवरून ती दाद उशिरा पोचायची. गाणारा समेवरून पुढे निघून गेलेला असायचा आणि ही दाद मागून येऊन त्याच्या पाठीत बसायची. एकदा इंदूरच्या एका गृहस्थांचा ताल त्यामुळे पार कोलमडला. दाते सरांनी सगळ्यांसमोर सुनावलं, "भोयरबाई, पुढच्या वेळी माइक बंद ठेवायचा. नाहीतर बाहेर."

"मग बाहेर," काकू म्हणाल्या.

आणि सरांनी खरोखरच काढलं की! पुढच्या शनिवारी काकूंना आत घेतलंच नाही. मी तशीच वर गेले. काकू इस्त्रीची साडी नेसून, केसांत मोगऱ्याचा गजरा माळून फोनसमोर बसल्या होत्या. दर शनिवारी बसायच्या तशाच. मला सरांचा असा संताप आला की सांगता सोय नाही. मी म्हटलं, "जाऊ द्या काकू, युट्यूबवर ऐकू काहीतरी."

"त्या रेकॉर्डिंगला माझी काय गरज आहे गं?" त्या म्हणाल्या. "मी वा म्हटलं काय, न म्हटलं काय, ते आपलं चालूच राहते. तुझे काका होते तेव्हा रेडिओ ऐकताना आम्ही एकमेकांना दाद द्यायचो. आता या गावात मी कोणाला वा म्हणू? ही बैठक एक होती." आणि डोळे पुसत गजरा काढून टेबलावर ठेवला. त्यांना रडताना मी पाहिलं ते तेवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर!

"टाळी वाजव," काकूंनी हुकूम सोडला. "मी वाजवली की लगेच तूही वाजव."

टाळ्या वाजवून वाजवून माझे तळवे लाल झाले. मग गणिताच्या बाईंनी निकाल दिला. "तुझं गाणं माझ्याकडे यायला उशीर, माझी दाद तिकडे जायला उशीर. दोन्ही मिळून जेवढं होते, तेवढं आधी मला वा म्हणावं लागेल. म्हणजे तू समेच्या वाटेवर असतानाच."

"पण काकू, बाकीच्यांना ती भलतीकडेच ऐकू येईल."

"येऊ दे. दाद गाणाऱ्यासाठी असते. बाकीच्यांनी आपली आपली द्यावी न!"

आठवडाभर आम्ही हाच उद्योग केला. ऑफिसातून आले की मी तबल्याचं अॅप लावून खाली गायचे, काकू वरून फोनवर दाद द्यायच्या. कधी फार आधी, कधी मागे. आम्ही हसून हसून बेजार व्हायचो. जिन्यात भेटलेल्या शेजारीणबाईंनी काळजीने विचारलं, "सब ठीक है ना जी?" मग एका संध्याकाळी मी समेवर पाय ठेवला आणि नेमकी त्याच क्षणी "वा बाप्पा!" येऊन पोचली. अंगावर काटा आला माझ्या.

एक शंका मात्र राहिली होती. "काकू, तुम्ही वा म्हणून मोकळ्या व्हाल. आणि मी चुकले तर? समेवर आलेच नाही तर?"

काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काऊन नाही येणार? माझी दाद तिथे जाऊन बसलेली आहे न! आता तू कशी येत नाहीस, तेच पाहते मी."

पुढच्या शनिवारी माझी पाळी होती. मी दाते सरांना सांगितलं, काकूंना आत घ्या, माइक उघडा राहील, नाहीतर मी गात नाही. दाद आधीच सोडायचं काकूंचं गणितही समजावलं. सर खूप कुरकुरले. शेवटी "एकदाच" म्हणाले. मी पूरिया धनाश्री धरला. गच्चीवर मोर ओरडला, त्याला कोण अडवणार! तान उचलली, अर्ध्या वाटेवर श्वास कमी पडतोय असं वाटलं, पण तिकडे काकूंनी दाद सोडलेली असणार, आता माघार घ्यायची सोयच नव्हती. आले मी समेवर, आणि दाद तिथे हजर होती.

गाणं संपल्यावर दाते सरांनी चष्मा नीट केला. मग घसा खाकरून म्हणाले, "पुढच्या वेळेपासून भोयरबाई सोडून सगळ्यांचे माइक बंद." काकूंनी कॅमेऱ्यात तोंड घालून त्यांना अंगठा दाखवला.

गेल्या हिवाळ्यात काकूंच्या फुप्फुसांनी दगा दिला. घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं, नाकाला नळ्या लागल्या. डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हणून बजावलं. "मी बोलून कुठे राहिली?" काकू मला म्हणाल्या. "मी तर दाद देते." मुलगा येऊन राहिला होता. तो चिडायचा, हात जोडायचा. त्याचंही बरोबर होतं हो. पण शनिवारी गजरा आणायलाही तोच जायचा. दम पुरेना, म्हणून काकूंची "वा बाप्पा" नुसती "वा" झाली. जागा मात्र चुकली नाही.

मग एका सकाळी त्या गेल्या. मला अजूनही जिन्यात वर बघायची सवय आहे.

पुढच्या शनिवारी दाते सर म्हणाले, "आज भोयरबाईंसाठी सगळ्यांनी शांतता राखू या." माझं डोकंच फिरलं. "शांतता? काकूंसाठी? सर, उभ्या जन्मात त्यांनी ज्या गोष्टीशी वैर धरलं, तीच आज त्यांना वाहायची? मी गाणार आहे." सगळ्यांचे माइक बंद होते.

मी पूरिया धनाश्रीच धरला. आवाज फाटत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायलाही मी हात उचलला नाही. काकूंना कळायला हवं होतं, मी समेकडे येतेय ते. तीच तान उचलली. अर्ध्या वाटेवर पहिल्यांदाच मनात आलं, आज तिथे कुणी नाही, सोडून दिली तरी चालेल. नाही सोडली. जीव एकवटून समेवर आले.

"वा बाप्पा!"

बरोबर समेवर. दाते सरांचा आवाज, पुण्याहून. म्हणजे मी पोचायच्या आधीच, मी पोचेन की नाही हे ठाऊक नसताना, सरांनी ती सोडली होती. पडद्यावर ते चष्मा काढून डोळे पुसत होते.

मग इंदूरकरांनी माइक उघडला, नागपूरवाल्यांनी उघडला, एकेक करून सगळ्यांनीच उघडला. कुणाचा पंखा, कुणाचं नातवंड, कुणाचा रस्ता, सगळा गोंगाट माझ्या खोलीत शिरला. मी गातच राहिले.